बकारामच्या पोरीचा स्विच

टीना कापगते पुण्याहून गावी आली की बसस्टँडवर उतरत नाही. अलीकडच्या फाट्यावर उतरते आणि कालव्याच्या काठाने, घरांच्या मागून येते. लोक म्हणतात, शिकली म्हणून मिजास आली. मिजास कसली, डोंबलाची! तिला अजून लाज वाटते. कशाची, ते मी पाहिलं आहे, म्हणून लिहितो.

आमचं गाव इटियाडोह धरणाच्या कालव्याच्या अगदी शेपटाला. वरच्यांनी पाणी सोडलं की अडवलं, हे आम्हाला बांधी, म्हणजे धानाचं शेत, भेगाळल्यावर कळायचं. २००६ साली मोबाइलची रेंज इकडे पोचली नव्हती. टीना ही बकारामची मोठी पोरगी. बकाराम थोडी स्वतःची, थोडी ठेक्याची बांधी कसतो. पोरगी नागपुरात इलेक्ट्रॉनिक्स शिकली आणि पुण्याच्या एका लहान कंपनीत लागली. कंपनी वायरलेस संच बनवायची, आणि टीनाच्या वाट्याला स्विच आला.

संचाला अँटेना एकच. बटण दाबलं की ती बोलणाऱ्या भागाला जोडायची, सोडलं की ऐकणाऱ्या. ही अदलाबदल करणारा तुकडा तांदळाच्या कणीएवढा. तो सुस्त असला तर बोलणाऱ्याचं पहिलं अक्षर आतच मरतं. कंपनीच्या साहेबाला तो चपळ हवा होता.

टीनाला बाप आठवला. पाण्याच्या दोन पाळ्यांच्या मधे बकाराम आपला पाट कोरडा पडू देत नसे, बोटभर धार चालूच ठेवायचा. कोरडा पाट पहिलं पाणी स्वतःच पितो. ओला पाट ते लगेच बांधीत नेतो. टीनाने स्विचमध्ये तेच केलं. बंद असतानाही विजेची बारीक धार त्यात सोडून ठेवली. स्विच असा चपळ झाला की साहेबाने सगळ्यांना बोलावून दाखवला. "पहिले संच आमच्या कालव्यावर द्या," हे तिनेच मागितलं.

पाणी वापर संस्थेचा अध्यक्ष मी. संच शेपटाकडच्या गेटागेटावर लागले, आणि बकाराम भेटेल त्याला थांबवून सांगू लागला, "माह्या पोरीनं बनवला."

धान कापणीला येईपर्यंत संच बहिरे झाले. आपलं बोलणं जायचं, पण समोरच्याचं काहीच यायचं नाही. आमच्या गेटवरचा पाणीवाला मंगरू संचावर बोंबलायचा, "वरून काऊन बोलून नाई राहिला बे?" आणि मग सायकल काढून वरच्या गेटला विचारायला जायचा. मी कंपनीकडे तक्रार करायचा ठराव मांडला. सभासदांनी हात वर करून तो पाडला! मी टेबलावर हात आपटला, तर बकारामने हात जोडले. "भाऊ, पोरीचं नाव जाईन." सगळं गाव गप्प. पुण्यात वाटलं, संच झकास चालले आहेत.

फेब्रुवारीत उन्हाळी धानाला पाणी सुटलं. कंपनीचा साहेब नवा संच आणि अधिकाऱ्यांना घेऊन धरणावर बसणार आणि शेवटच्या गेटवरून मंगरू आणि टीना बोलणार, असं ठरलं. पसंत पडलं की सगळ्या कालव्याला तेच संच.

सकाळी आम्ही गेटवर जमलो. मंगरू सारखा घड्याळाकडे पाहत होता.

"मंगरूकाका, घड्याळ कायले पाहून राहिले?" टीनाने हसत विचारलं.

"नऊ वाजले का म्हणाचं, पाणी येऊन राहिलं. साडेनऊले म्हणाचं, बंद करा. ऐकू तं येत नाई बाई, मंग घड्याळावरच बोला लागते!"

"थोबाड बंद कर ना बे!" बकाराम ओरडला.

आता मात्र माझं डोकं फिरलं. "थोबाड कायले बंद करते तो? सांग ना पोरीले, चार महिने झाले संच बहिरे आहेत!"

टीनाचं हसू तिथंच विझलं. तिने संच कानाला लावला, बटण दाबलं, सोडलं. नुसती खरखर. मग हळू आवाजात विचारलं, "आधी कोणता बहिरा झाला?"

"माहावाला," मंगरू म्हणाला. "मीच तं सगळ्यात जास्त बोलतो."

ती कालव्याच्या पारीवर, काठाच्या बांधावर, बसली. "म्हणजे बोलण्यानेच झाला. बाबा, तुमचा पाट बंद केल्यावरही झिरपतो ना? तुमची धार पाहूनच मी स्विचमध्ये धार ठेवली, आणि तोही झिरपतो. बटण दाबलं की बोलायची ताकद थोडी थोडी ऐकायच्या भागात गळते, आणि त्याले जाळते. पुण्यात आम्ही फक्त दोन दिवस तपासला."

बकारामने इकडंतिकडं पाहिलं. "मंग तू बोलू नको. मंगरू बोलन. पसंत होऊ दे, मागून बदलून देजो."

"सगळा कालवा बहिरा होईन, बाबा."

"कोण म्हणते तुह्या स्विचनं झाला? तुले माहीत, आमाले माहीत."

 टीना मान वर करून एकेकाकडे पाहत गेली आणि एकेक जण खाली पाहत गेला. मी तिच्यासाठी भांडलो होतो की तिला पाडलं होतं, मला तरी कुठं कळत होतं!

नऊ वाजले. मंगरूने संच तोंडाजवळ नेला. टीनाने तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"साहेब, टीना बोलतेय, शेवटच्या गेटवरून. इथले सगळे संच बहिरे आहेत. चूक माझ्या स्विचची आहे. लोकांनी माझ्यासाठी लपवलं. हे संच कुणाला देऊ नका."

बटण सोडलं. खरखर.

"का म्हणते साहेब?" मंगरूने विचारलं.

"कसं सांगू, काका? मीच बहिरा करून ठेवला ना." तरीही तिने संच कानावरून काढला नाही. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

बकाराम फावडं घेऊन आपल्या पाटाकडे गेला. तोंडाशी बोटभर धार वाहत होती. त्याने चिखलाचा गोळा उचलून त्या धारेवर टाकला.

"राहू द्या ना, बाबा," टीना संच तसाच धरून म्हणाली. "तुमचा पाट बरोबर आहे."

बकारामने मागे वळून पाहिलं नाही. दुसरा गोळा टाकला आणि पायाने दाबू लागला.