कांदिवलीची हातकुऱ्हाड

मुलुंडहून कांदिवलीला जायचं तर पवईमार्गे दोन बस बदलायच्या, म्हणजे आमच्या हिशेबी परदेशप्रवासच. माझी मैत्रीण सुलभा चार वर्षं दर महिन्याला तो करत होती. तिथल्या खाणींजवळच्या नाल्यात आदिमानवाची हातकुऱ्हाड (दांडा नसलेली, मुठीत धरायची दगडी कुऱ्हाड) मिळते, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. तिला मात्र एकही मिळाली नव्हती. त्या रविवारी तिने मलाही ओढलं.

काही सापडल्याशिवाय ही हलणार नाही आणि संध्याकाळचा टीव्हीवरचा सिनेमा बुडणार, हे मला ठाऊक होतं. म्हणून आदल्या दिवशी मी गच्चीवर एक दगड ठोकून ठोकून कुऱ्हाड बनवली, जुनी दिसावी म्हणून चहाच्या पाण्यात उकळली आणि पिशवीत टाकली.

नाला कोरडा होता. सुलभाची पाठ वळताच मी माझं रत्न तिच्या परतीच्या वाटेवर ठेवलं.

"अगं, इकडे ये! लवकर!"

दगड छातीशी धरून ती मटकन खाली बसली होती. डोळ्यांत पाणी. आता हिला सांगू कशी?

सांगावं लागलंच नाही. ओरडा ऐकून खाणीवर खडी फोडणारी तिमक्का आली. तिने दगड फिरवून पाहिला, नाकाशी नेला.

"ह्यो कालचाच फोडलेला हाय, बाई. तो बी घाबरत घाबरत. आन् चहाचा वास कसला?"

सुलभाने माझ्याकडे पाहिलं. "तू?"

"सिनेमा होता ना गं..."

ती लांब जाऊन बसली. तिमक्का मात्र पोट धरधरून हसली. मग दुसरा दगड उचलून म्हणाली, "आधी दगडाची शीर बघायची, मग मारायचं." चार घावांत पानासारखी धार निघाली. सुलभा रुसवा विसरून जवळ आली. "मला शिकवाल?"

दुपारी तिमक्काची भाकरी-ठेचा आम्ही खाल्ला, आमची थालीपिठं तिने. सुलभाने अंगठा ठेचून घेतला, पण हातोडा सोडला नाही. "चार वर्षं नुसती जमीन बघत होते गं," ती म्हणाली, "हे करणाऱ्याचे हात कधी डोळ्यांपुढे आलेच नाहीत."

परतताना ती फारच गोड बोलत होती. तेव्हाच शंका यायला हवी होती. पिशवी भलतीच जड लागत होती. वय झालं, म्हटलं. घरी येऊन उपडी केली, तर डब्याखाली नऊ दगड! सिनेमा केव्हाच संपला होता.

खांदा चोळत मी ते ओळीने मांडले. चिडायचं ठरवलं होतं. पण नाल्यात बसलेल्या सुलभाचे डोळे आठवले आणि वाटलं, दहावाही चालला असता.