सम रात्रीचं बोलावणं

सम रात्री पुत्र, विषम रात्री कन्या. शास्त्र आहे हे. पाळीच्या पहिल्या दिवसापासून रात्री मोजायच्या, जोडीची रात्र धरायची, की वंशाला दिवा. हे मला माझ्या सासऱ्यांनी, नानांनी सांगितलं. शिरपूरला त्यांचं जिनिंग आहे. कापसात ओल किती, ते मुठीत धरून सांगतात. त्यामुळे बाकीचंही त्यांना कळत असणार, असं सगळे धरून चालतात.

शास्त्रात एकच अडचण होती. नवरा नोकरीला वरणगावला. आमच्या दोन मुली झाल्या त्या त्याच्या सुट्टीच्या सोयीने. तिसऱ्या खेपेचा कारभार नानांनी हाती घेतला. एका दुपारी त्याला फोन केला, "सुट्टी टाक आन ये. आज सम रात शे." धुळ्याला त्याची बस चुकली. घरी पोचेपर्यंत रात्रीचे बारा वाजून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर माणसं बसलेली. नानांचे दोन भागीदार, शेजारच्या काकू. मी चहा देत होते. प्रश्न असा निघाला, की रात्र बदलते ती घड्याळाने की सूर्याने? नाना म्हणाले, घड्याळाने. म्हणजे खेप वाया. अक्का, माझ्या सासूबाई, म्हणाल्या, सूर्याने, म्हणजे जमलं. वाद मिटेना, तेव्हा नानांनी गुरुजींना फोन लावला. स्पीकरवर.

"सूनबाई बाजूला कधी बसल्या?" गुरुजींनी विचारलं.

अक्कांनी वार सांगितला. सकाळ की दुपार, तेही सांगितलं. एका भागीदाराने मदत म्हणून बोटांवर मोजून दाखवलं. नवरा कपातल्या सायीकडे बघत होता.

मी शिंदखेड्याला शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी दहावीच्या वर्गात फळ्यावर काढून दाखवते, की मुलगा की मुलगी हे बापाच्या पेशीवर ठरतं, आणि ती पेशी पंचांग बघत नाही. नानांना हे एकदा सांगितलं होतं. "शाळानं शाळामा ठेव," ते हसून म्हणाले होते.

थोरली दारात उभी होती. सहावीतली. सगळं ऐकलेलं.

"आई, मी चुकीच्या रात्री झाले का?"

"कितली हुशार शे पोर!" काकू हसल्या.

मी ट्रे खाली ठेवला.

"नाना, फोन बंद करा."

त्यांनी फोनचा आवाज वाढवला. गुरुजी तिथीवर आले होते. मी फोन नानांच्या हातातून घेतला आणि बंद केला.

"माझ्या अंगाची चर्चा या ओट्यावर परत होणार नाही. आणि तिसरं मूल होणार नाही."

"कोण म्हणस?" अक्का.

"मी."

"आन घरनं नाव?" नाना.

"दोघी लावतात."

कोणाचं मन बदललं नाही. नानांचं मत आजही तेच आहे. नवऱ्याने वरणगावला पोचल्यावर फोन केला. "जरा हळू बोलायचं होतंस."

"स्पीकर माझा नव्हता," मी म्हटलं.

थोरलीला दहावीचा तो धडा चार वर्षं आधीच शिकवला. तिने दोनदा समजून घेतला. मग विचारलं, "हे आजोबांना कोण सांगणार?" मी म्हटलं, सांगून झालंय. आता फक्त वागायचं.

पुढे पाळी आली. नेहमीसारखी, कोणाला न विचारता. मी धुळ्याला दवाखान्यात गेले. एकटी. घरी सांगून गेले, विचारून नाही. दोन मुलींवर थांबतेय म्हटल्यावर तिथली नर्स म्हणाली, "ताई, विचार करा." केला आहे, म्हटलं. पाठीवर मुलगा हवा म्हणून माझ्या पोरींना कोणी चूक समजून वाढवणार नाही. मी असेपर्यंत नाही.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ऑपरेशनला चांगला दिवस बघून आलात का?"

"तुम्हाला वेळ असेल तो."

त्यांना बुधवारी वेळ होता.