दीड मिनिटाचं गाणं

गाणारे डोळे मिटून गातात, तबलजीचे मात्र उघडे असतात. म्हणून किस्से सगळे आमच्याकडेच साठतात! लातूरला नागनाथ सरांच्या गाण्याच्या क्लासमध्ये मी वीस वर्षं तबला वाजवतोय. हे किस्से तिथल्या शिवकन्येचे.

सरांचं ठाम मत, "टीव्हीवर गायक होत न्हाईत, नुसते दिसतेत!" तरी चाकूरची ही पोरगी टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेसाठी नांदेडला ऑडिशनला गेलीच. सोबतीला मी. परीक्षकांनी मध्येच हात वर करून थांबायला सांगितलं. ही अंतरा संपवूनच थांबली!

"अगं, हात दिसला न्हाई का?"

"दिसला की काका. पण अर्ध्यात सोडलं तर सर रागवतेत!"

निवड झाली आणि शूटिंगवाले चाकूरला घरी आले. त्यांना हलाखी हवी होती. "दारातला ट्रॅक्टर जरा मागे घेता का?" तिचे वडील भडकले. "बारा वर्षं सोयाबीन काढून घेतलाय, तो लपवू? आधी त्यालाच दाखवा!" टीव्हीवर शिवकन्येपेक्षा ट्रॅक्टरच जास्त वेळ दिसला.

तिथं प्रत्येक गाण्याला दीडच मिनिट, मग परीक्षकांचा निकाल. सहाव्या भागात ती स्पर्धेतून बाहेर पडली. गावानं तरीही दणक्यात सत्कार ठेवला. ती गायला लागली, लोक डोलायला लागले आणि दीड मिनिटात गाणं बंद! अंतरा अर्धाच. ही हात जोडून खुर्च्यांवरच्या पाहुण्यांकडे बघत उभी. पाहुणे गोंधळले. शेवटी सरपंच उठले, "आवाज लई भारी हाय. पुढच्या फेरीला पाठवा!"

मंडप हसला. शिवकन्या मात्र स्टेजमागे येऊन रडली. "काका, दीड मिनिटाच्या पुढं काही सुचतच न्हाई. मी गाणारी राहिले न्हाई का हो?" खरं सांगतो, माझा जीव तुटला.

दुसऱ्या दिवशी ती क्लासला आली. सरांनी टीव्हीचं नावही काढलं नाही. "घड्याळ काढून ठेव. आता वर्षभर एकच राग."

"वर्षभर?"

"का? व्होटिंग घ्यायचं का?"

आणि गेल्या महिन्यातलं देगलूर! मंदिरात तिचा कार्यक्रम होता. निवेदकानं 'टीव्ही स्टार' असं लिहून आणलेलं, ते तिनं खोडायला लावलं. आमच्याकडे सर गातात आणि शिष्य मागे तानपुरा धरतात. त्या दिवशी सरांनी स्वतःच तानपुरा उचलला आणि तिच्या मागे जाऊन बसले. पोरगी तासभर गायली.

गाणं संपल्यावर पहिल्या रांगेतल्या एक आजी पुढे आल्या. देगलूरच्याच, बोलण्यात तेलुगू मिसळलेलं. तिच्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या, "बंगारू, माझ्या सोन्या, इतकं ग्वाड गातीस, टीव्हीवर का जात न्हाईस?"

शिवकन्येनं मागे वळून बघितलं.

"आमचे सर सोडत न्हाईत, आजी!"

सरांनी तानपुरा खाली ठेवला नव्हता. "हाव," ते मान डोलावत म्हणाले, "न्हाई सोडत."