व्याह्यांचे सल्लागार

माझ्या व्याह्यांइतका बिनदिक्कत मदत मागणारा माणूस तुंगभद्रेच्या अलीकडे-पलीकडे दुसरा जन्मला नसेल, आणि जन्मला असेलच तर यांनी त्यालाही गाठून एखादा सल्ला विचारला असेल. राजाजीनगरात त्यांचा स्प्रिंगा बनवायचा छोटासा कारखाना होता. घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी मराठी मुलखातून खाली उतरलेलं, त्यामुळे बोलण्यात कानडी इतकं सहज मिसळतं की मराठी कुठे संपली ते त्यांनाही कळत नाही. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. कारखान्यात मशीन अडलं की मेकॅनिक नंतर. आधी समोरच्या फुलवालीला बोलावणं. "ज्याला मशीन कळतं, तो आपल्यासारखाच अडकलेला असतो, विहीणबाई. ज्याला कळत नाही, तो जे दिसतं ते बोलतो." एकदा दोन दिवस सगळे कारागीर एका मशीनभोवती डोकं धरून बसले होते. फुलवाली आली आणि म्हणाली, हे चाक काल-परवापर्यंत दुसरीकडे फिरायचं ना? वायरमनने वायरी उलट जोडल्या होत्या. तेव्हापासून दिवाळीची मिठाई कामगारांच्या आधी तिला.

चप्पल घ्यायला गेले की दुकानातल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या पायात घालून त्याला चालवून बघतात. डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठी बाहेर बसलेल्या पेशंटांना वाचून दाखवतात. आमच्याकडे यायला निघाले की रिक्षावाल्याला म्हणतात, "तुम्ही तुमच्या सासरी जात असाल तर कसं जाल?" मग तो नेईल तसे येतात, आणि त्याचं सासर भलतीकडे बेळ्ळंदूरला असलं तर आमच्या घरातलं जेवण थंड होतं. पण कळस झाला तो माझ्या मुलाला बघायला आले तेव्हा. ज्या रिक्षातून आले त्या ड्रायव्हरलाच वर घेऊन आले, सोफ्यावर बसवलं, आणि पोह्यांची बशी हातात देऊन विचारलं, "मुलगा कसा वाटतो?" त्याने माझ्या इंजिनिअर मुलाला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाला, "परवागिल्ला." म्हणजे, ठीक आहे, चालेल! व्याह्यांनी तिथल्या तिथे लग्न पक्कं केलं. मी आठ दिवस अन्नावर राग काढला.

मी तेव्हा लहान होते ना. बासष्टची. त्या वयात माणसाला सगळंच येत असतं. हे गेल्यावर पुण्याचं घर आवरून मी आधीच मुलाकडे एचएसआर लेआउटला आले होते. इथे मी फक्त कुणाची तरी आई आणि कुणाची तरी सासू. म्हणून डबे सुरू केले. बेळ्ळंदूरच्या ऑफिसांमधली पुण्या-नागपूरची पोरं, घरच्या पोळ्या म्हटल्यावर तुटून पडली. वर्षभरात मी डबेवाल्या काकू झाले, आणि खरं सांगते, या शहरात मला स्वतःची म्हणावी अशी तेवढी एकच जागा होती. आणि मग डबे गळायला लागले. चाळिसाचे तीस झाले, तिसाचे अठरा. मुलगा म्हणाला, "आई, कुणाला तरी विचारून बघ ना."

"मी विचारू? चाळीस वर्षं स्वयंपाक केलाय मी!"

विचारण्याऐवजी मी तूप वाढवलं. मग कोशिंबीर वाढवली. मग मसाला बदलला, परत जुना केला. डबे नऊवर आले तेव्हा घरात जाहीर केलं की या महिन्यानंतर बंद, गुडघे दुखतात. गुडघे ठणठणीत होते.

त्याच आठवड्यात व्याही आले. ओट्याकडे पाहिलं, रिकाम्या डब्यांच्या रांगेकडे पाहिलं आणि म्हणाले, "स्वल्प अडलंय वाटतं?"

"काही अडलेलं नाही."

"सरी, बरं," म्हणाले आणि आमटी भुरकायला लागले. आग्रह नाही, काही नाही. मी त्यांच्या पानात भात वाढत होते, आणि कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "अण्णा, मला काही कळत नाहीये हो. काय चुकतंय?" मुलाची आई मी, आणि मुलीच्या बापापुढे हे! आमच्या आत्याबाईंनी ऐकलं असतं तर दाराची कडी लावून घेतली असती. व्याह्यांचा चेहरा मात्र असा उजळला, जसं काही मी त्यांना मानाचं उपरणंच पांघरवलं.

दुसऱ्या दिवशी ते डब्यांच्या रिक्षात बसून बेळ्ळंदूरला गेले, आणि चार वाजता परतले ते एका ऑफिसच्या गेटवरच्या सिक्युरिटीवाल्याला घेऊन. मला त्याचं पान वाढायला लावलं. तो पोटभर जेवला, हात पुसले आणि कानडीत बोलायला लागला. व्याही तब्येतीत भाषांतर करत होते. "म्हणतो, अज्जी, जेवण फार छान आहे. फोन फार वाईट आहे."

कोणता फोन, तर माझा. परत आलेला प्रत्येक डबा मी उघडून बघायचे, आणि कारलं उरलेलं दिसलं की त्या पोराला फोन, "का टाकलंस?" तो मीटिंगमध्ये असेना का! शिवाय डबा घासून परत करायचा, हा माझा नियम. पोरं घाबरून उरलेली भाजी या सिक्युरिटीवाल्याला द्यायची, आणि डबाही घासायला त्यालाच. "म्हणतो, तुमचं कारलं मी वर्षभर सहा जणांचं एकटा खातोय." बिचारी पोरं आईपासून इतक्या लांब आली होती, आणि आई रोज साडेबाराला डब्यातून बाहेर निघत होती. एकेकाने गुपचूप दुसरीकडे डबा लावला.

मी आधी भडकले. मग मीटिंगमध्ये कारल्याचा जबाब देणारं पोरगं डोळ्यांपुढे आलं, आणि इतकी हसले की उचकी लागली. फोन बंद, घासणं बंद. आठवड्यातून एकदा त्या सिक्युरिटीवाल्याला जेवायला बोलवायचं आणि तो काय सांगेल ते ऐकायचं. डबे हळूहळू परत आले, सगळे नाही, पण ओटा पुरेल इतके. व्याही सगळ्यांना सांगत फिरले की त्या गेटवाल्याने विहीणबाईंचं दुकान वाचवलं. स्वतःचं नावही घेतलं नाही.

गेल्या वर्षी आमच्या विहीणबाई, म्हणजे अण्णांच्या पत्नी, गेल्या. कारखाना त्याआधीच बंद झाला होता. लेकीने किती विनवलं, पण ते राजाजीनगर सोडायला तयार नाहीत. मग मी रोज एक डबा शहर ओलांडून तिकडे पाठवते. तो परत येतो तो लख्ख, शीतसुद्धा नसतं. खरं तर मला आनंद व्हायला हवा. पण एवढं सगळं एकटा म्हातारा खातो की फुलवालीला देऊन टाकतो, कोण जाणे. फोन हातात घेते आणि ठेवते. एकदा हात पोळलेत ना.

परवा न राहवून लावलाच. "अण्णा, जेवलात का?"

"जेवलो," ते म्हणाले. पण फोन काही ठेवेनात. मीही ठेवला नाही.