नानांची दाढी

लेकीकडे कॅनडाला निघायचंय. दाढीचा साबण हातातल्या बॅगेत ठेवताना त्याचा चंदनासारखा वास आला. बायको म्हणाली, "ब्लेड मोठ्या बॅगेत टाका हं, नाहीतर काढून घेतील." मी पलंगावर तसाच बसून राहिलो.

मी मस्कतला नोकरी करायचो तेव्हाची गोष्ट. इंदिरानगरच्या घरून वहिनीचा फोन आला. "भाऊजी, आता निघाच. नाना कोणालाच दाढी करू देत नाहीत. म्हणतात, बाळू येऊन करेल." वडिलांचे हात थरथरायचे, म्हणून सुट्टीत आलो की त्यांची दाढी मीच करत असे. त्या वर्षी मात्र सुट्टी पुढे पुढे ढकलत राहिलो होतो.

मिळालं ते एका बॅगेत कोंबून विमानतळ गाठला. तपासणीत ब्लेडचं पाकीट बाहेर आलं. "ब्लेड नहीं जाएगा, भाईसाब." मी हात जोडले, रडलो. मागची रांग ओरडायला लागली. तेच ब्लेड आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं, हे आज सुचतं. तेव्हा पाकीट डब्यात पडलं आणि वाटलं, आता नाना वाट बघणं सोडतील.

पोचलो तेव्हा नानांना जमिनीवर घेतलं होतं. उशाशी दिवा होता, गालांवर पांढरे खुंट. वहिनीने नवं ब्लेड पुढे केलं. "तुमच्यासाठीच थांबलोय सगळे."

मी साबण लावला. आणि दर वेळी म्हणायचो तेच तोंडातून निघून गेलं, "नाना, हलू नका."