पाचवं शील

घुग्घुसच्या कोळसा खाणीतून रिटायर झालेले लहानूभाऊ माझे शेजारी. आमच्या वस्तीत पिणारे पुष्कळ, पण जिन पिणारे ते एकटेच. लिंबू पिळायचं, चिमूटभर मीठ टाकायचं आणि दारात खुर्ची टाकून घोट घोट घ्यायची. जिल्ह्यातल्या दारूबंदीच्या वर्षांत लोकांनी मिळेल ते नरड्याखाली घातलं; हे मात्र जिनसाठी नदी ओलांडून पलीकडच्या जिल्ह्यात, वणीला जायचे. एवढे नखरे मी नवरदेवाचेही पाहिले नाहीत.

एकच ग्लास, असा त्यांचा नियम. बायको मनकर्णा होती तोवर तो टिकला, कारण बाटली तिच्या कपाटात असायची. ती गेली आणि किल्ली यांच्याकडे आली. मग ते बाटलीवर पेनाने खूण करत, आणि सकाळी जिन खुणेच्या खाली गेलेली दिसली की दिवसभर कोणाशी बोलत नसत.

मुलगी नंदिनी आरमोरीला असते. तिने सांगून टाकलं, "बाबा, दारू सोडा अन् इथीच राहा. एकटे काऊन राह्यता?" भाऊंना जायचंच होतं. रिकाम्या घराचा त्यांना वीट आला होता. नातवाच्या नामकरणाआधी सोडतो, असा शब्द त्यांनी दिला. त्या दिवशी वंदनेत पंचशील आजोबांनीच द्यायचं, असं ठरलं. तेव्हापासून निघायच्या आदल्या संध्याकाळपर्यंत त्यांनी थेंब घेतला नाही, हे मी शपथेवर सांगतो.

मीही सोबत गेलो होतो. बुद्धमूर्तीपुढे मेणबत्त्या लागल्या. भाऊ एकेक शील म्हणत होते, मागून सगळे म्हणत होते. चार झाली. पाचवं दारूपासून दूर राहण्याचं. तिथे ते थांबले. विसरले असतील, असं वाटून कोणीतरी पहिला शब्द पुरवला.

"येते मले," भाऊ म्हणाले. "पन म्हनत नाई. काल घेतली."

हात जोडून बसलेल्यांत आमच्याच वस्तीतून आलेले, रोज घेणारे दोघं-तिघं होते. सगळ्यांनी माना खाली घातल्या. शेवटी नंदिनीनेच पाचवं शील म्हटलं. मला भाऊंचा भयंकर राग आला.

संध्याकाळी ती आम्हाला सोडायला बसस्टँडवर आली.

"म्हनून टाकलं असतं त मी मानलं असतं, बाबा," ती म्हणाली. "खोटं हाय हे माहीत असूनही ठेवून घेतलं असतं."

"मले माहीत होतं," भाऊ म्हणाले. "म्हनूनच नाई म्हनलो."

चंद्रपूरची बस लागली. भाऊ खिडकीशी बसले. उतरा म्हणावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं, मला दिसत होतं. तिने म्हटलं नाही, आणि तेही उतरले नाहीत.