पुढच्या खोलीची खिडकी

ज्या परमेश्वराला दारे-खिडक्यांचा अडसर नाही, त्याला प्रथम वंदन. आज सर्वपित्री अमावास्या. तर्पण करताना, ज्याचे गोत्र मला ठाऊक नाही अशा एका आयरिश गृहस्थाचेही स्मरण केले. म्हणून हे लिहावयास बसलो.

गेल्या वर्षी मी व सौभाग्यवती डब्लिनला मुलाकडे गेलो होतो. त्याची जागा लहान, म्हणून त्याने बॉल्सब्रिजमधील एका जुन्या बोर्डिंग हाउसची तळमजल्यावरची पुढची खोली आमच्यासाठी घेतली. थोड्याच दिवसांत महामारीमुळे विमाने बंद झाली आणि आम्ही तेथेच अडकलो. व्हिक्टोरिया राणीच्या काळातील ती लाल विटांची वास्तू. ग्रॅनाइटच्या पायऱ्या, दारावर अर्धवर्तुळाकार काच, छताला चुन्याची वेलबुट्टी. मालकीणबाईंच्या आजीने वैधव्य आल्यावर येथे भाडेकरू ठेवावयास आरंभ केला. पुढे फिरते विक्रेते, कारकून, विद्यार्थी येत-जात राहिले. आता आमच्याखेरीज सर्व खोल्या रिकाम्या होत्या. आमच्या खोलीतील थंड शेकोटीच्या संगमरवरी फळीवर मी देव मांडले होते.

एका सकाळी बाईंनी दार ठोठावले आणि मागे सरून त्या जिन्याशी उभ्या राहिल्या. त्यांचा भाऊ इस्पितळात वारला होता. चर्चमध्ये मोजक्याच माणसांना परवानगी, आणि सत्तरीपुढच्या बाईंना घराबाहेर पडू नका असे बजावलेले.

"आमच्या घरातलं प्रत्येक माणूस शेवटची रात्र याच खोलीत होतं," त्या म्हणाल्या. "आजी, बाबा, आई. त्याला मात्र घरी आणू देत नाहीत. उद्या गाडी दाराशी क्षणभर थांबेल, बस्स. तेवढा वेळ ती खिडकी उघडी हवी. एरवी जीव बाहेर जावा म्हणून आम्ही ती उघडतो. या वेळी त्याला आत यायचंय."

खिडकी रंगाच्या थरांखाली कित्येक वर्षे चिकटून बसली होती. आणि या खोलीत प्रेते ठेवली जात, हे मला तेव्हाच कळले. माझी नजर देवांकडे गेली.

"अहो, देव काही घाबरलेले दिसत नाहीत," सौभाग्यवती म्हणाली. "तुम्हीच घाबरलात."

"घाबरतोय कोण? ती उघडेल कशी, ते पाहतोय."

"नुसतं पाहून उघडणार आहे का? हे उलथनं घ्या."

त्या उलथन्याने आम्ही दिवसभर रंग खरवडला. निरांजनासाठी ठेवलेले तूप चौकटीच्या खोबणीत चोळले. अशा खिडकीची तावदाने वर सरकतात, आणि भिंतीच्या पोकळीत दोरीला टांगलेली लोखंडी वजने त्यांना तोलून धरतात. दुसऱ्या दिवशी तावदान हलले खरे, पण दोरी तुटली. वजन भिंतीच्या आत खोल कोठेतरी धप्पकन आदळले. टेकू शोधेपर्यंत काळी गाडी दाराशी आली.

मी खांद्याने तावदान उचलले आणि दोन्ही हातांनी पेलून धरले. थंड वारा आत शिरला. देवांपुढचा दिवा विझला. बाई सर्वांत वरच्या पायरीवर उभ्या होत्या, एकट्या. खाली उतरल्या नाहीत.

"नेहमीसारखा उशीर केलास, येड्या," त्या शवपेटीला म्हणाल्या. "ये. उघडीच आहे."

मला हात जोडता आले नाहीत. मनातल्या मनात नारायणाचे नाव घेत राहिलो. दंड थरथरू लागले, तेव्हा सौभाग्यवतीने शेजारी येऊन आपलेही हात लावले. गाडी वळणाआड गेली. मग बाई मागे न पाहता म्हणाल्या, "आला असेल. लावा आता."

जिन्याजवळच्या मेजावर त्यांनी भेटीस येणाऱ्यांसाठी पहाटेच कप मांडून ठेवले होते. कोणी येणार नव्हते, हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी दोन कप भरले आणि लांब उभ्या राहून म्हणाल्या, "तुम्ही आलात."

अंत्ययात्रेनंतर स्नानाशिवाय मी आयुष्यात पाण्याचा थेंब घेतलेला नव्हता. तो चहा मी तेथेच उभ्याने प्यालो. स्नान नंतर केले.

वाचकहो, आपली माणसे आपल्या हातांत निरोप घेवोत, त्यांच्यासाठी दारे-खिडक्या विनासायास उघडोत, आणि आपल्या घरी मांडलेला एकही कप कोणाची वाट पाहत गार न होवो. आपले व आपल्या कुटुंबाचे कल्याण असो.